पगाराची खिडकी

खिडकी छातीच्या उंचीवर होती, त्यामुळे
एकतीस वर्षं मला माणसांचे चेहरे नव्हे, हात दिसले.
आधी पितळी बिल्ला आत सरकायचा, मग बोटं.
३४१७ ला अंगठा नव्हता.
तो ओंद्रेय ह्रिव्नाक, दोन नंबरच्या भट्टीवरचा.
पाकीट दोन बोटांच्या चिमटीत धरायचा,
भर वाऱ्यात मेणबत्ती धरावी तसं.

कंपनी माझ्या आधीची, माझ्या आजोबांच्याही.
थोरल्या अ‍ॅशकॉम्बनं म्हणे उसन्या पैशांवर
नदीकाठी पहिली भट्टी रचली
आणि मरेपर्यंत विझू दिली नाही.
कचेरीत त्याची तसबीर होती.
दर शुक्रवारी मी तिच्यावरची लाल धूळ पुसायचे;
सोमवारपर्यंत म्हाताऱ्याच्या गालांवर पुन्हा लाली.

आई चादरी वाळत घालण्याआधी वारा बघायची.
नदीकडून असेल तर थांबायची, किंवा
थांबायची नाही आणि पुन्हा धुवायची.
मी कुरकुरले की म्हणायची,
ज्या दिवशी चादर पांढरी राहील ना, व्हर्ना,
त्या दिवशी रड.

युद्धात तीन पाळ्या. खिडकीत बायकांचे हात आले,
नखांखाली तेल, आणि एकीच्या बोटात नवी अंगठी
जी पुढच्या महिन्यात नव्हती.
अलाबामाहून सायलस ट्रॅमेल आला, कोकच्या भट्ट्यांवर.
तिथे गोरे फार टिकत नसत;
त्यांना टिकायची गरज नव्हती.
सायलस बावीस वर्षं टिकला.
त्याचं पाकीट मी मोजून भरायचे
आणि दर वेळी ते हलकं का, हे
मी कुणाला विचारलं नाही.
हे इथे लिहून ठेवते.

आमच्या तुळयांवर पूल उभे राहिले, धरणाची दारं,
चाळीस मजली इमारती, ज्यांत आम्हाला काही काम नव्हतं.
ओंद्रेय बायकोला घेऊन शहरात गेला
की पुलाखाली मान वर करून उभा.
ती म्हणायची, चल, बस चुकेल.
तो म्हणायचा, थांब, ही रात्रपाळीची आहे.
दिवसपाळीवाल्यांना इतकी सरळ जमत नाही.

मग उतार.
नेमका कधी लागला, ते विचारू नका.
लांबलेल्या संपात? साहेबांनी
भट्टीच्या दुरुस्तीचे पैसे गोल्फच्या हिरवळीत घातले तेव्हा?
की आमच्याच धक्क्यावर
परक्या शिक्क्याची तुळई उतरली तेव्हा?
मला एवढंच ठाऊक,
पाकिटांची पेटी एकदा मी एका हातानं उचलली
आणि क्षणभर वाटलं,
माझ्या हातात बळ आलं.

भट्टी विझवली त्या गुरुवारी कुणी भाषण केलं नाही.
भोंगा मात्र झाला, सवयीनं.
नियम असा, की शेवटच्या पगाराला बिल्ला जमा करायचा.
३४१७ आत आला. मी तो पाकिटाखाली ठेवून
परत बाहेर सरकवला.
वहीत लिहिलं: हरवला.

वर्षभरानं सगळ्यांना पत्रं आली.
पहिल्या परिच्छेदात आमच्या निष्ठेचे आभार,
दुसऱ्यात औषधांचे पैसे बंद.
सायलसनं पत्र घडी करून
हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं.
टेबल हलायचं थांबलं, म्हणाला,
एवढं तरी कंपनीनं केलं.

चादरी पांढऱ्या राहू लागल्या.
मी रडले नाही. आई गेलेली होती,
आणि आता घरात ड्रायर होता.

भंगारवाल्यांनी सगळं नेलं, चिमण्या, रूळ,
तसबिरीची चौकटसुद्धा.
भट्टीच्या तळाशी थिजलेला लोखंडाचा गोळा तेवढा उरला.
भट्टीवाले त्याला सॅलमँडर म्हणायचे,
आगीत राहणारा प्राणी.
तीनदा सुरुंग लावले. एक टवका उडाला,
ठेकेदाराच्या गाडीची काच फुटली.
मग त्यांनी त्याच्याभोवती गवत लावलं, बाक टाकला.

उन्हाळ्यात संध्याकाळी मी तिथे जाते.
सूर्य डोंगरामागे गेल्यावरही तो बराच वेळ गरम असतो.
मी हात ठेवते.
कुणी पोरगं शेजारी हात ठेवतं, चटका बसला की हसतं.
मी त्याची बोटं मोजते.
पाच. पुन्हा मोजते.